लोखंडाचा जिल्हा, फिकट रक्त

1882 साली जमशेटजी टाटा 43 वर्षांचे होते. नागपुरातली त्यांची एम्प्रेस मिल सुरू होऊन पाच वर्षे झाली होती आणि चांगली चालली होती. त्या साली रिटर फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाचा एक अहवाल त्यांच्या वाचनात आला. विषय होता चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यातले लोखंड. लोहारा गावाजवळच्या डोंगरात उत्तम प्रतीचे खनिज पडून आहे, असे त्यात म्हटले होते. त्याच जिल्ह्यात वरोऱ्याला सरकारी कोळशाची खाण होती आणि तिथवर रेल्वे आलेली होती. नागपूरच्या गिरणीमालकाला मोह पडावा असाच हा योग होता. जमशेटजींनी वरोऱ्याचा कोळसा तपासून घेतला. तो लोखंड गाळण्याच्या कामाचा निघाला नाही. खाणींचे त्या वेळचे सरकारी नियमही असे जाचक, की शहाण्या माणसाने त्यात पैसा घालू नये. बेत बारगळला.

व्हाइसरॉय कर्झनच्या काळात नियम सैल झाले आणि टाटांची माणसे पुन्हा चांद्याच्या जंगलात शिरली. अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड, थोरले चिरंजीव दोराबजी आणि जमशेटजींचा भाचा शापुरजी सकलातवाला. 1904 साली बैलगाड्यांतून त्यांनी हा मुलूख पालथा घातला. खनिज चांगले होते, पण मोठ्या कारखान्याला पुरेल असे सलग नव्हते. शोध संपवतो आहोत हे कळवायला दोराबजी नागपूरला सरकारी अधिकाऱ्याकडे गेले. तिथे वाट पाहताना ते समोरच्या संग्रहालयात शिरले आणि भिंतीवरच्या नकाशात त्यांना दुर्ग जिल्ह्यात लोखंडाची खूण दिसली. पुढची गोष्ट दल्ली-राजहरा, मयूरभंज आणि साकची अशी जाते. साकचीचे पुढे जमशेदपूर झाले आणि चांदा त्या गोष्टीतून बाहेर पडला.

सकलातवालाचे काय झाले ते मात्र आपल्या विषयाला, म्हणजे या मुलखातल्या फिकट रक्ताला, धरून आहे. मध्य भारतातल्या जंगलांत खनिज शोधता शोधता त्याला मलेरियाने गाठले. तब्येत इतकी ढासळली, की 1905 मध्ये घरच्यांनी त्याला इंग्लंडला धाडले. तिथे तो बरा झाला, लग्न केले, मजूर चळवळीत पडला आणि 1922 साली बॅटरसीमधून ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेला, तोही कम्युनिस्ट पक्षाचा सभासद असताना. ज्या जंगलातून तो आजारी होऊन निघाला, तिथल्या माडिया आणि गोंड आदिवासींना हवापालट म्हणून कुठे जायची सोय नव्हती. ताप त्यांच्याच अंगात राहिला, पिढ्यान्‌पिढ्या.

लोखंडही जमिनीत राहिले. लोहारा सोडा, दक्षिणेला एटापल्ली तालुक्यातला सुरजागडचा डोंगर त्याहून मोठा आहे. माडिया त्या डोंगरावर ठाकूरदेवाची जत्रा भरवतात. 2007 मध्ये तिथे खाणीचा पट्टा दिला गेला, 2016 च्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी तिथली वाहने जाळली, 2021 पासून उत्खनन जोरात आहे. तो वाद इथे सोडवायचा नाही. नोंदवायचे आहे ते एवढेच, की देशाच्या लोहखनिजाच्या नकाशावर ठळक असलेला हा मुलूख पंडुरोगाच्याही नकाशावर तितकाच ठळक आहे. आणि ज्याला पंडुरोग त्याला लोखंड द्यावे, हे सरकारी उत्तर इथे अर्धेच खरे ठरले. उरलेले अर्धे सापडायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

झाडीपट्टीतली बाई दवाखान्यात येऊन म्हणते, ‘आंगात रगत नाही.’ डॉक्टर पापणी खाली ओढून बघतो, जीभ बघतो, नखे बघतो आणि मान डोलावतो. दोघांचेही बरोबरच असते. पण ‘रक्त कमी’ म्हटले की निदान झाल्यासारखे वाटते आणि चौकशी थांबते. रक्त कमी का, हा प्रश्न निराळा. जेवणात लोह नसेल, पाळीत फार जात असेल, लागोपाठच्या बाळंतपणांत शरीर झिजले असेल. अनवाणी पायाच्या कातडीतून शिरलेले आकडीकृमी आतड्याला चिकटून रक्त पीत असतील. मलेरियाचे जंतू तांबड्या पेशी फोडत असतील. या सगळ्यांचा शेवट एकाच फिकट पापणीत होतो. पाणथरीवर, म्हणजे प्लीहेवर, हात ठेवून अनुभवी डॉक्टर थोडे अधिक सांगू शकतो. पण वाढलेली पाणथरी मलेरियात लागते, तशीच ती आणखी एका आजारात लहान मुलांच्या पोटात हाताला लागते. तो आजार कुणाच्या ध्यानीमनी नव्हता.

त्याचा धागा शिकागोत सापडतो. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल हा तरुण 1904 च्या अखेरीस तिथल्या रुग्णालयात दाखल झाला. म्हणजे वेल्ड आणि दोराबजी चांद्यात फिरले तेच साल. त्याच्या रक्ताच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली विळ्यासारख्या वाकड्या पेशी दिसल्या; सिकलसेल हे आजाराचे नाव त्यावरूनच पडले. त्याचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये हा रोगी वैद्यकीय जगापुढे मांडला. नंतरची चाळीस वर्षे हा आफ्रिकी वंशाच्या लोकांचा आजार, अशी डॉक्टरांची पक्की समजूत होती. 1949 साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की दोष पेशीत नसून तिच्यातल्या हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. रोगाचे मूळ एका रेणूत दाखवून देण्याची ही पहिलीच वेळ. पुढे व्हर्नन इंग्रॅमने हा दोष आणखी नेमका केला: एका साखळीतले एक अमिनो आम्ल बदललेले, बस्स. प्राणवायू कमी झाला की असे हिमोग्लोबिन आतल्या आत दोऱ्यांसारखे जुळते, पेशी ताठ आणि वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. तिच्यामागे रक्त अडते आणि हाडे फुटल्यासारख्या वेदना सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी 120 दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांत मोडते.

भारतात हे रक्त पहिल्यांदा 1952 मध्ये ओळखले गेले, तेही दोन टोकांना. हर्मन लेमान आणि मेरी कटबुश यांना ते निलगिरीच्या आदिवासींत सापडले. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत ते आढळल्याची नोंद झाली. मळ्यांवरचे मजूर मूळचे तिथले नव्हतेच. त्यांतल्या पुष्कळांच्या आजे-पणज्यांना मध्य भारताच्या जंगलपट्ट्यातून भरती करून नेलेले होते. आसामात सापडलेला धागा उलटा ओढला असता तर तो आपल्याच दाराशी येऊन थांबला असता. तसा तो 1958 मध्ये आला. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलवर टिपण छापले. नागपूर ते गडचिरोली अंतर दीड-पावणेदोनशे किलोमीटर. ते टिपण तेवढे अंतर तोडून जंगलापर्यंत पोहोचायला आणखी तीस वर्षे लागली. या तीस वर्षांचा मला नेहमी अचंबा वाटतो. लंडनला पत्र गेले. आरमोरीला, अहेरीला गेले नाही.

दरम्यान एका गोष्टीचा उलगडा झाला होता. इतका घातक दोष निसर्गाने टिकू दिलाच कसा? 1954 मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवले, की ज्यांना हा दोष आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच मिळालेला असतो, त्या वाहकांना फाल्सिपेरम मलेरियापासून संरक्षण मिळते. दोघांकडूनही मिळाला तर मूल आजारी पडते आणि उपचार नसतील तर लहानपणीच दगावते. एकाकडूनच मिळाला तर मलेरियाच्या मुलखात त्याचा निभाव इतरांपेक्षा चांगला लागतो. म्हणून जिथे दाट जंगल आणि जुना मलेरिया, तिथे हे रक्त. महाराष्ट्राचा नकाशा काढून पाहिले तर तो ॲलिसनच्या बाजूने बोलतो: पूर्वेला सगळा विदर्भ, उत्तरेला सातपुड्याची रांग. भिल्ल, माडिया, पावरा, परधान अशा काही जमातींत वाहकांचे प्रमाण 20 ते 35 टक्क्यांपर्यंत आढळले आहे. मात्र हा फक्त आदिवासींचा आजार नाही. विदर्भात अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीय समाजांतही तो पुष्कळ आहे. जंगलाच्या कडेने पिढ्यान्‌पिढ्या राहिले, ते सगळेच या सौद्यात सामील झाले.

आता सरकारची बाजू. 1970 साली केंद्राने पंडुरोग रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. गरोदर बायांना आणि लहान मुलांना लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या. पुढे किशोरवयीन मुलामुलींसाठी आठवड्याची निळी गोळी आली, 2018 मध्ये ‘ॲनिमियामुक्त भारत’ आले. यात कुणाचा हेतू वाईट नव्हता आणि लोहाची कमतरता खोटी नव्हती. तरी 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 57 टक्के स्त्रिया पंडुरोगी निघाल्या. आधीच्या पाहणीपेक्षा आकडा वाढलाच होता. एवढ्या गोळ्या वाटून आकडा चढत असेल तर गोळी घेतली जात नाही हे एक कारण झाले. दुसरे हेही असू शकते, की प्रश्न सगळ्यांच्या बाबतीत लोहाचा नाही.

जंगलात हे पहिल्यांदा अनुभवाने कळले ते कागदावरून नव्हे, तर तिथे जाऊन राहिलेल्या डॉक्टरांमुळे. 23 डिसेंबर 1973 रोजी बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे झोपडीत राहू लागले. वीज नाही, रस्ता नाही. पावसाळ्यात इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम फुगल्या की जगाशी संबंध तुटलेला. माडियांनी आधी पाठ फिरवली. आजारी माणूस पुजाऱ्याकडे जायचा. हळूहळू ज्यांच्या बाबतीत पुजाऱ्याने हात टेकले ते रोगी येऊ लागले, बरे होऊ लागले आणि चालत दोन-दोन दिवसांची वाट तुडवत लोक येऊ लागले. मेंदूचा मलेरिया, जुलाब, अस्वलाने फाडलेले चेहरे, जळालेले पाय. आमटे दांपत्याला 2008 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यांच्यावर चित्रपट निघाला. ती कहाणी मराठी वाचकाला सांगायला नको. पण त्या कहाणीतला न दिसणारा भाग रक्ताचा आहे. मलेरियाने ज्याचे रक्त अर्धे झाले, त्याला पुन्हा मलेरिया, मग जुलाब, मग उपास. एक आजार संपून दुसरा सुरू होण्याच्या मधल्या दिवसांत शरीर रक्त भरून काढते. तेच दिवस इथे मिळत नव्हते.

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरचे दोन भाग होऊन गडचिरोली जिल्हा झाला. चार वर्षांनी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथे गेले आणि ‘सर्च’ या त्यांच्या संस्थेचे काम सुरू झाले. त्यांच्या सुरुवातीच्या रक्ततपासण्यांत सिकलसेल सापडला. 1958 चे टिपण अखेर जंगलात उतरले ते असे. आता या शोधाचा गाजावाजा व्हायला हवा होता. पण अभय बंगांनी पुढे आपल्या भाषणांतून या शोधाचा उल्लेख एक धडा म्हणून केला आहे. संशोधकाला हा विषय मोलाचा होता, गावकऱ्यांना तो आपला पहिला प्रश्न वाटत नव्हता. आजार शोधून द्यायचा आणि त्यावर द्यायला हाताशी काही नसायचे, तर लोकांनी तरी काय करावे? बंगांनी मग लोकांना विचारून विषय निवडायला सुरुवात केली.

बायांनी सांगितलेला विषय त्यांनी हाती घेतला आणि 14 जानेवारी 1989 च्या ‘लॅन्सेट’मध्ये तो निबंध आला. दोन गावांतल्या 650 स्त्रिया. त्यांतल्या 92 टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, प्रत्येकीला सरासरी 3.6 आजार. आणि यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त 8 टक्के. जगभर हा निबंध प्रजननआरोग्याच्या संदर्भात वाचला जातो आणि ते योग्यच आहे. आपल्या विषयाच्या बाजूने तो पुन्हा वाचला तर आणखी एक गोष्ट दिसते. त्या आजारांपैकी निम्मे जंतुसंसर्गाचे होते. म्हणजे गावातल्या बहुतेक बायांच्या शरीरात कुठेतरी सतत दाह धुमसत होता. दाह आणि रक्त यांचा संबंध कसा असतो, हे 1989 मध्ये कुणालाच नीट माहीत नव्हते. डॉक्टरांना इतके ठाऊक होते, की जुनाट आजाराच्या माणसाचे रक्त वाढत नाही, गोळ्या देऊनही नाही. क्षयाच्या रोग्यात ते दिसे, सांधेदुखीच्या रोग्यात दिसे, आतड्याला सूज असलेल्यात तर फारच दिसे. का, ते कोडे होते.

उत्तर नव्या शतकाच्या तोंडाशी आले. 2000 आणि 2001 मध्ये जर्मनीत आणि अमेरिकेत दोन गटांनी स्वतंत्रपणे यकृतात तयार होणारे एक छोटे प्रथिन शोधले, हेप्सिडिन. आतड्यातून रक्तात लोह सोडणारी दारे आणि शरीराच्या साठ्यातून लोह बाहेर काढणारी दारे या प्रथिनाच्या ताब्यात असतात. ते वाढले की दारे बंद. शरीराला संसर्ग झाला, दाह झाला, की यकृत हेप्सिडिन वाढवते. बहुतेक जंतूंनाही लोह लागते, म्हणून ते त्यांच्या हाती लागू नये हा त्यामागचा उद्देश असावा. चार दिवसांच्या तापात ही युक्ती शहाणपणाची. पण दाह महिनोन्‌महिने राहिला तर माणसाच्या अंगात लोह असून नसल्यासारखे होते. लोहाऱ्याचे खनिज जसे कोळशावाचून डोंगरातच राहिले, तसे ते साठ्यात पडून राहते आणि वरून आणखी गोळ्या दिल्या तरी दार उघडत नाही.

मलेरियाही हेप्सिडिन वाढवतो. हे उमगण्याआधीच झांझिबारच्या पेम्बा बेटावरच्या चाचणीने आरोग्यखात्यांची झोप उडवली होती. तिथे मलेरियाच्या मुलखात लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक ॲसिड दिले, तेव्हा रुग्णालयात भरती होण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण वाढले. सुनील सझावाल आणि सहकाऱ्यांचा हा निबंध 2006 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि जागतिक आरोग्य संघटनेला आपला सल्ला बदलावा लागला: मलेरियाचा बंदोबस्त केल्याशिवाय लोह देऊ नका. गडचिरोली हा महाराष्ट्रातल्या सर्वाधिक मलेरियाच्या जिल्ह्यांपैकी एक. पेम्बा नकाशावर दूर असेल, प्रश्नाने तो शेजारीच आहे.

आतड्याची गोष्टही तशीच. शहरातल्या पोटविकारतज्ज्ञाला क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिसचा रोगी फिकट का, हे आता सांगता येते. आतड्यातून रक्त जाते, लोह शोषले जात नाही आणि दाहामुळे हेप्सिडिन चढलेले असते, तिन्ही एकदम. खेड्यात या नावांचे रोगी क्वचित. पण घाण पाणी आणि उघड्यावरचे शौच यांमुळे लहानपणापासून आतड्याच्या अस्तराला सौम्य सूज राहते, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सेल्विन बेकर आणि व्ही. आय. मथान यांच्यासारख्या संशोधकांनी दशकानुदशके अभ्यासले आहे. त्या मुलाला जुलाब होत नाहीत, पोट दुखत नाही, कुणी त्याला आजारी म्हणत नाही. फक्त खाल्लेले अंगी लागत नाही.

इथे ‘ड’ जीवनसत्त्व गोष्टीत शिरते. 2014 मध्ये सात निरोगी माणसांना ‘ड’ जीवनसत्त्वाचा एक लाख युनिटांचा एकच डोस देऊन पाहिले. चोवीस तासांत त्यांचे हेप्सिडिन 34 टक्क्यांनी उतरले. माणसे फक्त सात, पण दाराची एक किल्ली सापडली असे अनेकांना वाटले. आतड्याच्या सुजेच्या रोग्यांत ‘ड’ बहुधा कमी असते आणि दाह शमवणाऱ्या पेशींवर त्याचे काम चालते, हे आधी माहीत होतेच. त्यानंतरच्या चाचण्यांनी मात्र सरळ उत्तर दिलेले नाही. काहींत रक्त सुधारले, काहींत हललेच नाही. सिकलसेलच्या रोग्यांतही ‘ड’ पुष्कळदा कमी निघते. हाडांसाठी ते भरून काढणे योग्यच. वेदनेचे झटके त्याने कमी होतात असे छातीठोकपणे म्हणण्याइतका पुरावा मात्र अजून नाही. गोळीची जाहिरात पुराव्याच्या पुढे धावते, एवढे या बाबतीत निश्चित सांगता येईल.

या प्रश्नात महाराष्ट्राचा एक जुना धागा आहे, तो सहसा कुणी काढत नाही. 1920 च्या सुमारास हचिसन आणि शाह या डॉक्टरांनी नाशिक भागात मुडदुसाचा अभ्यास केला. तुपादुधात वाढलेल्या, पण पडद्यात आणि वाड्याच्या आतल्या खोल्यांत कोंडलेल्या मुलींना मुडदूस होता. उन्हात राबणाऱ्या गरिबांच्या, अर्धपोटी मुलांना नव्हता. ऊन हेच औषध आहे हे ज्या अभ्यासांनी जगाला पटवले, त्यांत हा एक. चंद्रपूरचे ऊन तर 47-48 अंशांना पोहोचते. मोहफुले आणि तेंदूपाने वेचणाऱ्या बाईला उन्हाची ददात नसावी, असे नाशिकचा अभ्यास सुचवतो. तिच्या रक्ताचा प्रश्न ‘ड’च्या कुपीने सुटेल असे मानायला म्हणूनच माझे मन घेत नाही. तिच्या बाबतीत आधी दाह कुठे आहे ते पाहावे लागेल.

सिकलसेलकडे शासनाचे लक्ष वळले ते उशिरा, आणि ते वळवणारी माणसे बहुतेक शासनाबाहेरची होती. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातले डॉ. सुदाम काटे यांनी राज्यभर आदिवासी भागांत फिरून रक्ततपासण्या केल्या. त्यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. नागपूरचे संपत रामटेके यांनी रुग्णांच्या आईबापांना एकत्र आणून संघटना उभारली. त्यांची पद्मश्री 2018 मध्ये मरणोत्तर आली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी हायड्रॉक्सियुरियाचा कमी, ठरावीक डोस इथल्या मुलांवर वापरून पाहिला आणि झटके कमी होतात हे 2012 मध्ये मांडले. हे काम मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. हे औषध गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते, आणि त्या हिमोग्लोबिनमुळे पेशी सहजी वाकडी होत नाही. अमेरिकेत 1995 मध्ये त्याची मोठी चाचणी झाली होती. पण तिथली मात्रा चढवत नेताना वारंवार रक्त तपासावे लागते. कुरखेड्याच्या किंवा जिवतीच्या रोग्याला ते कसे जमणार? कमी मात्रेत भागते हे कळले, तेव्हा ते औषध खेड्यात नेण्याजोगे झाले. बंगांना 1986 मध्ये जे द्यायला हाताशी नव्हते, ते आता होते.

2008 च्या सुमारास राज्यात तपासणीचा कार्यक्रम सुरू झाला. आधी परीक्षानळीतली साधी चाचणी: द्रावण गढूळ झाले आणि मागच्या ओळी दिसेनाशा झाल्या, की रक्तात ते हिमोग्लोबिन आहे. ही चाचणी वाहक आणि रोगी यांत फरक करत नाही. त्यासाठी पुढची, यंत्रावरची तपासणी लागते. मधल्या काळात गावात काय होते, ते कार्यक्रमाच्या अहवालात येत नाही. मुलीची चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली एवढेच गावभर होते. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. पण वाहक स्वतः धडधाकट असतो आणि वाहक नसलेल्याशी त्याने लग्न केले तर मुले रोगी निघत नाहीत. हे समजावून सांगणारा माणूस चाचणीच्या दिवशी तिथे नसेल, तर कार्ड हातात पडते आणि सोयरीक मोडते. मोडते ती बहुतेक मुलीचीच.

2016 च्या दिव्यांगहक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. 11 डिसेंबर 2022 रोजी चंद्रपुरातल्या, हिमोग्लोबिनच्या आजारांवरच्या संशोधन आणि नियंत्रणाच्या केंद्राचे लोकार्पण झाले, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे. 1958 पासून नागपूरवर थांबलेली सरकारी गाडी 64 वर्षांनी जंगलाच्या जिल्ह्यात आली. पुढच्या वर्षी, 1 जुलै 2023 रोजी, मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम जाहीर झाली: 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 हे निर्मूलनाचे साल. देवी घालवली त्या अर्थाने हा आजार घालवता येत नाही, कारण तो जंतूत नसून वंशात आहे. त्यातही वाहक लाखोंनी आहेत आणि त्यांना कसलाही आजार नाही. घालवता येते ते एवढेच, की यापुढे मूल वेदनेत वाढू नये आणि पाच वर्षांच्या आत जाऊ नये. त्यासाठी जन्मतःच तपासणी, लहान वयात पेनिसिलिन, लसी, आणि हायड्रॉक्सियुरिया तालुक्याच्या ठिकाणी बारा महिने मिळणे, एवढे पुरे आहे. 2023 च्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत जनुक दुरुस्त करणारे उपचार मंजूर झाले. त्यांतल्या एकाची अमेरिकेतली किंमत तेव्हा एका रोग्यामागे 22 लाख डॉलर होती. बातम्या त्यांच्याच छापून येतात.

आता चंद्रपूरच्या केंद्रातले यंत्र एका थेंबावरून सांगू शकते, की रक्तात सिकलचे हिमोग्लोबिन किती, गर्भावस्थेतले किती, थॅलेसेमियाचा दोष जोडीला आहे का. सिकलच्या रोग्याला, विशेषतः वारंवार रक्त चढवलेल्याला, लोहाची गोळी नुसती निरुपयोगी नव्हे तर अपायकारक ठरू शकते. यकृतात लोह साठत जाते. त्याच्या बहिणीला मात्र, ती वाहकही नसेल आणि पाळीत रक्त जात असेल, तर तीच गोळी हवी. शेजारच्या घरातल्या, आत्ताच मलेरियातून उठलेल्या मुलाला ती काही आठवड्यांनी दिली तर अधिक कामी येईल. तिघांच्या पापण्या सारख्याच फिकट. अंगणवाडीत आणि उपकेंद्रात मोजले जाते ते फक्त हिमोग्लोबिन. दाह आहे का हे सांगणारी साधी तपासणी तिथे होत नाही आणि लोहाच्या साठ्याचीही होत नाही. म्हणून आशाताई तिघांच्याही हातावर गोळ्यांची तीच पट्टी ठेवते आणि नोंदवहीत तीन बरोबरच्या खुणा करते.